बुटाच्या खोक्यातली तेरा पाकिटं: फोडावीत की ठेवावीत?

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या वडिलांचा अमेरिकेत जर्सी सिटीत वर्तमानपत्रं, चॉकलेटं, सिगारेटी विकायचा छोटा स्टॉल होता, १९८६ ते १९९७. वडील गेल्यावर घर आवरताना तळघरात बुटाचा एक खोका निघाला. त्यात बास्केटबॉल खेळाडूंची चित्रं असलेल्या संग्राह्य कार्डांची, वेगवेगळ्या कंपन्यांची, न फोडलेली तेरा पाकिटं होती: १९८६-८७ च्या फ्लीअरचं मेणकागदाचं एक, १९९०-९१ च्या हूप्सची नऊ आणि १९९६-९७ च्या टॉप्स क्रोमची तीन. नऊ पाकिटांना रबरबँड लावलेला. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला सगळी आजच फोडायची आहेत. ताई विचारतात, फोडू का? आणि फोडायचीच तर कशी?

ताई, मी कार्डांच्या धंद्यात तेवीस वर्षं आहे. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. हूप्सची नऊच्या नऊ पाकिटं या रविवारी मुलाबरोबर बसून फोडा. क्रोमचं एक फोडायला हरकत नाही, दोन ठेवा. फ्लीअरचं पाकीट मात्र आज फोडू नका. कधीच फोडू नका असं म्हणत नाही. आज नको, एवढंच. आणि हे वाचून झाल्यावर पहिलं काम म्हणजे तो रबरबँड काढा. ओढून नको, कात्रीनं कापा. जुना रबर कागदाला चिकटतो आणि ओढला की कागदाचा पापुद्रा घेऊन येतो. त्याचा ताण आतल्या कार्डांच्या कडांवर पडून खाच उमटते. पाकीट बंद असलं तरी आतलं कार्ड दाबलं जातंच.

आता फ्लीअर. ते एवढं वेगळं का, हे मुलालाही सांगा, म्हणजे 'थांब' म्हटल्याचं त्याला वाईट वाटणार नाही. टॉप्स कंपनीनं १९८१-८२ च्या हंगामानंतर बास्केटबॉलची कार्डं काढणं बंद केलं. मायकेल जॉर्डन एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, आला १९८४ मध्ये. मधल्या वर्षांत स्टार नावाच्या कंपनीची कार्डं होती, पण ती बहुतेक संघवार बंद पिशव्यांतून, कार्डांच्या व्यापाऱ्यांकडे मिळायची. शाळेतून घरी जाताना मुलानं कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्यावं असं पाकीट परत आलं ते १९८६ मध्ये, फ्लीअरचं. फ्लीअर ही फिलाडेल्फियाची कंपनी, मूळची बबलगमवाली. 'डबल बबल' हा गम त्यांच्याच कारखान्यात १९२८ मध्ये तयार झाला. म्हणून पाकिटात १२ कार्डं, एक स्टिकर आणि गमची एक पट्टी. त्या वेळी या पाकिटांना फारसा उठाव नव्हता. तुमच्या वडिलांकडे एक उरलं यात मला काहीच नवल वाटत नाही. पुष्कळ दुकानांत खोकेच्या खोके पडून राहिले होते.

संच १३२ कार्डांचा, खेळाडूंच्या आडनावांच्या क्रमानं लावलेला. एक क्रमांक करीम अब्दुल-जब्बार, सात बार्कली, बत्तीस पॅट्रिक युइंग, ब्याऐंशी ओलाजुवान. सत्तावन्न जॉर्डन, ज्याच्यासाठी सगळे हे पाकीट शोधतात. एका संचात इतक्या मोठ्या खेळाडूंची पहिली पाकिटबंद कार्डं एकदम आली, कारण मधली चार-पाच वर्षं कोरडी गेली होती. ड्रेक्सलर, कार्ल मलोन, आयझाया थॉमस, डॉमिनिक विल्किन्स, सगळे याच संचात.

हिशेब करा. १३२ कार्डं, पाकिटात १२. सगळी सारख्या संख्येनं छापली असं धरलं तर अकरा पाकिटांमागे एक जॉर्डन. ३६ पाकिटांच्या अख्ख्या खोक्यात साधारण तीन. स्टिकर अकराच प्रकारचे, म्हणजे जॉर्डनचा स्टिकरही अकरात एक. तुमच्याकडे पाकीट एकच, तेव्हा जॉर्डन निघण्यापेक्षा न निघण्याची शक्यता दहापट. समजा निघाला. मग पुढचा प्रश्न तो कसा निघाला. या कार्डाची चौकट लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाची आणि ती पार कडेपर्यंत रंगलेली, त्यामुळे कडेला बारीक टवका उडाला तरी पांढरा कागद लगेच दिसतो. छपाई एका बाजूला सरकलेली असणं तर नेहमीचंच. पीएसए या दर्जा ठरवणाऱ्या संस्थेकडे आजवर वीस हजारांहून जास्त जॉर्डन गेले, त्यांतल्या १० पैकी १० मिळालेल्यांची संख्या तीनशेच्या थोडी वर आहे. शंभरात जेमतेम एक-दोन. जानेवारी २०२१ मध्ये अशा दहाच्या कार्डाला लिलावात ७ लाख ३८ हजार डॉलर आले, ती बातमी सगळीकडे गाजली. पण तो टाळेबंदीतल्या तेजीचा भाव होता आणि पुढच्या काही महिन्यांत तो खूप खाली आला. कुणी तो आकडा तुमच्यासमोर ठेवून घाई करायला लागलं तर ऐकू नका.

आता दुसरी बाजू. न फोडलेलं, अस्सल असल्याची खात्री झालेलं हे पाकीट आज काही हजार डॉलरना जातं. म्हणजे जॉर्डन निघण्याची जी आशा आहे तिचा भाव बाजारानं आधीच पाकिटावर चढवून ठेवला आहे. फोडलं की ती आशा संपते आणि दहांतल्या नऊ वेळा हातात उरतात ती दोन-पाच ते पन्नास-शंभर डॉलरची कार्डं. म्हणून म्हणतो, आज नको. आधी ते तपासून घ्या. पीएसए बंद पाकिटं तपासून कडक प्लास्टिकच्या डबीत घालून देते. इंडियानातली बेसबॉल कार्ड एक्स्चेंज ही पेढी न फोडलेल्या मालाची पारख करून त्यावर स्वतःचं वेष्टन चढवते आणि बाजार त्यांचा शब्द मानतो. पारख झाल्यावर विकायचं, ठेवायचं की मुलाच्या अठराव्या वाढदिवसाला फोडायचं, हे घरात बसून ठरवा. तेव्हा तुम्ही काय फोडताय ते तुम्हाला ठाऊक असेल.

'वडिलांच्या स्टॉलवरचं आहे, मग पारख कशाला?' असं मनात येईल. ते बरोबरच आहे आणि माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण उद्याच्या गिऱ्हाइकाला तुमचे वडील माहीत नाहीत. आणि मेणकागदाच्या पाकिटाची अडचण अशी की ते उघडून परत बंद करता येतं. कागदाला मेणाचा हात दिलेला असतो, मागच्या बाजूला घड्या घालून गरम पट्टीनं दाबला की मेण वितळून चिकटतं. बस. ना डिंक ना टाचणी. लबाड माणूस घडी सोडवतो, कार्डं पाहतो, चांगलं काढून घेतो, दुसरं घालतो आणि पुन्हा गरम करून चिकटवतो.

माझ्यावर हे ओढवलं आहे. धंद्यातलं चौथं वर्ष, एका प्रदर्शनात एका व्यापाऱ्याकडून याच फ्लीअरचं पाकीट मी घेतलं होतं. घरी येऊन फोडलं. पहिली शंका गमनं आणली. गमची पट्टी जिथे होती तिथल्या कार्डावर तिचा डागच नव्हता. वीस वर्षं टेकून बसलेला गम डाग पाडतोच, तेलकट, चौकोनी, पिवळसर. तो डाग कुठेच दिसेना. मग कार्डं पाहिली. दोन कार्डांचे कोपरे बोथट, म्हणजे ती आधी कुणीतरी हाताळलेली. मी दोन महिन्यांची बचत त्यात घातली होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून कुठलंही मेणकागदाचं पाकीट हातात घेतलं की मी आधी त्याची पाठ वाचतो.

पाठ वाचायची म्हणजे काय पाहायचं ते सांगतो. उजेड बाजूनं, तिरका येऊ द्या. मागच्या घडीवर मेण वितळल्याचा ठसा एकच आणि सलग हवा. दोन ठसे एकमेकांवर थोडे सरकून दिसले तर पाकीट दोनदा तापलं आहे. घडीच्या रेषा बघा. कारखान्यात पडलेली घडी धारदार आणि एकेरी असते. उलगडून परत घातलेल्या घडीशेजारी अगदी केसाएवढी दुसरी रेष राहते. कागद आतल्या कार्डांना घट्ट बसलेला हवा, ढिला आणि फुगीर नको. घडीत साखरेची पूड किंवा गमचे कण अडकले असतील तर संशय घ्या. अतिनील टॉर्चखाली डिंक चमकला तर विषयच संपला. तुमच्या पाकिटाचे पाठीकडचे फोटो तुम्ही जोडले आहेत त्यांत मला एकच ठसा आणि एकेरी घड्या दिसतात. फोटोवरून पारख होत नाही, पण मला आनंद झाला हे सांगायलाच हवं.

आता हूप्सकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून साताठ वर्षं सगळ्या कंपन्यांनी कार्डं बेसुमार छापली. लोकांनी ती गुंतवणूक म्हणून जपून ठेवली, त्यामुळे आजही ढीगभर शिल्लक आहेत. हूप्सचं १९९०-९१ चं पाकीट आज एक-दोन डॉलरला मिळतं. म्हणजे फोडल्यानं काही बुडत नाही. आणि या संचात पैशापलीकडची दोन कार्डं अशी आहेत की नऊ पाकिटांत त्यांतलं एखादं मिळालं तर मुलगा ते आयुष्यभर विसरणार नाही.

एक, क्रमांक २२३, ऑर्लँडो मॅजिकचा सॅम व्हिन्सेंट. तो चेंडू घेऊन निघालेला आहे आणि त्याच्यासमोर शिकागोचा लाल जर्सीतला माणूस आहे, जर्सीवर १२ आकडा. तो माणूस मायकेल जॉर्डन. त्याचा आकडा २३ हे सगळ्या जगाला माहीत, मग १२ कुठून आला? १४ फेब्रुवारी १९९० रोजी ऑर्लँडोमध्ये सामन्याआधी त्याची जर्सी चोरीला गेली. ऐनवेळी नाव नसलेली बाराची जर्सी घालून तो खेळला. एवढी एक रात्र, आणि तीच नेमकी दुसऱ्याच्या कार्डावर छापली गेली. नंतरच्या छपाईत व्हिन्सेंटचं चित्र बदललं, तेव्हा क्रमांक २२३ मिळाला की चित्र कुठलं ते नीट बघा.

दुसरं, क्रमांक २०५, न्यूयॉर्क निक्सचा मार्क जॅक्सन. कार्ड हातात घेतल्यावर जॅक्सनकडे नका बघू, त्याच्या मागे मैदानाला लागून बसलेल्या प्रेक्षकांकडे बघा. तिथे लाइल आणि एरिक मेनेंडेझ हे दोघे भाऊ बसलेले दिसतात. २० ऑगस्ट १९८९ ला बेव्हर्ली हिल्समध्ये त्यांनी आईवडिलांचा खून केला होता आणि अटक झाली मार्च १९९० मध्ये. मधल्या काळात ते पैसे उडवत फिरत होते, आणि त्याच काळात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या एका सामन्यात हा फोटो टिपला गेला. हे २०१८ पर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. जवळजवळ तीस वर्षं हे कार्ड लाखो घरांत पडून होतं आणि प्रत्येकानं फक्त जॅक्सनकडेच पाहिलं. अकरा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी माझ्या पुतण्याला ती तो पंधराचा झाल्यावर सांगितली. पण 'कार्डावर मुख्य माणसाच्या मागे काय आहे ते बघ' ही सवय मात्र आजच लावा.

बसायचं कसं? जेवणाचं टेबल पुसून कोरडं करा आणि त्यावर स्वच्छ सुती पंचा किंवा मऊ टॉवेल अंथरा. कार्ड हातातून निसटलं तर कोपरा टेबलावर आपटू नये म्हणून. हात साबणानं धुवा, पूर्ण कोरडे होऊ द्या. हाताला क्रीम नको. हातमोजे मी वापरत नाही. त्यात बोटांना अंदाज येत नाही आणि कार्ड जास्त वेळा पडतं. शेजारी पातळ प्लास्टिकच्या पिशव्या, ज्यांना इथे पेनी स्लीव्ह म्हणतात, त्यांची शंभराची थप्पी ठेवा, आणि पाच-दहा टॉपलोडर, म्हणजे एका कार्डाची कडक प्लास्टिकची पाकिटं. चहाचा कप दुसऱ्या खोलीत. मुलगा कार्ड धरेल तेव्हा कडांना धरायचं, तळव्यानं नाही. त्याला एकदा दाखवा, मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

हूप्सची पाकिटं प्लास्टिकची आहेत. फाडताना वरून झटका देऊ नका. पाकीट उभं धरून हलकेच आपटलं की कार्डं खाली सरकतात. मग वरच्या दातेरी पट्टीचा भाग कात्रीनं कापा, कार्डांपासून बोटभर दूर. आतली कार्डं एक एक करून ओढू नका, सगळी एकत्र तळहातावर घ्या.

इथे तुम्हाला चिकटण्याचा प्रकार भेटण्याची शक्यता आहे. चकचकीत लेप असलेली कार्डं वर्षानुवर्षं दाबून राहिली, त्यात तळघराची दमट हवा मिळाली, की लेपाला लेप धरतो आणि गठ्ठ्याची वीट होते. १९९० च्या दशकाच्या मधल्या वर्षांतल्या जाड, झगझगीत लेपाच्या कार्डांत हे सगळ्यात जास्त. आपल्याकडच्या हवेत तर विचारूच नका. इथून मुंबईला नेलेली काही पाकिटं मी दोन पावसाळ्यांनंतर पाहिली आहेत, माळ्यावर ठेवलेली. एकाही गठ्ठ्याचं पहिलं कार्ड दुसऱ्यापासून सुटेना. ज्यांचं कुणाचं कोकणात किंवा मुंबईत असं काही पडून असेल त्यांनी ते माळ्यावरून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावं.

वीट झालेला गठ्ठा सोडवायची पद्धत सांगतो. नख खुपसायचं नाही, सुरी नाही, सरळ वर ओढायचं नाही. सरळ ओढलं की एका कार्डाची शाई दुसऱ्याच्या पाठीवर जाते आणि दोन्ही वाया जातात. गठ्ठा दोन्ही हातांच्या बोटांत लांब कडांना धरायचा आणि अगदी किंचित वाकवायचा, पत्ते पिसायच्या आधी वाकवतो त्याच्या पावपट. मग उलट्या बाजूला तेवढाच. तसं चार-पाचदा करा. मध्ये एक बारीक 'टक्' असा आवाज येतो, वाळलेली शेंग तडकते तसा. तो आला की त्या दोन कार्डांमध्ये हवा शिरली. तिथूनच, कोपऱ्यापासून, आडव्या दिशेनं सरकवत ती वेगळी होतात. आवाज आला नाही तर थांबा. जोर वाढवायचा नाही. मी एकदा वाढवला होता आणि एका उत्तम कार्डावरच्या खेळाडूचा अर्धा चेहरा शेजारच्या कार्डावर गेला. ते दोन तुकडे मी अजून टेबलाच्या खणात ठेवले आहेत. काही जण गठ्ठा फ्रीजरमध्ये ठेवतात. मी ठेवत नाही, कारण बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं आणि पाण्यासारखा कार्डाचा दुसरा शत्रू नाही.

क्रोमची गोष्ट मधली आहे. १९९६-९७ हा टॉप्स क्रोमचा बास्केटबॉलमधला पहिला संच, २२० कार्डांचा. त्यात क्रमांक १३८ कोबी ब्रायंट आणि १७१ ॲलन आयव्हर्सन, दोघांचंही ते पदार्पणाचं वर्ष. पाकिटात चारच कार्डं. म्हणजे कोबी निघण्याची शक्यता साधारण पंचावन्नात एक. या बंद पाकिटांना आज शेकड्यांत डॉलर मिळतात, म्हणून दोन ठेवा म्हणालो. एक फोडा असं का म्हणतो? कारण तीनही तुमच्या वडिलांच्या हातची आहेत आणि त्यांतलं एक मुलानं आजोबांच्या खोक्यातून स्वतःच्या हातानं उघडावं याला काही मोल आहे असं मला मनापासून वाटतं. बाजारभावात ते येत नाही. कार्डं थोडी वाकलेली, धनुष्यासारखी निघतील. घाबरू नका. वरचा धातूसारखा थर आणि खालचा कागद ओलावा वेगवेगळा शोषतात, म्हणून ती वळतात. वहीखाली दाबू नका, इस्त्रीचा तर विचारही नको. पेनी स्लीव्ह आणि टॉपलोडरमध्ये घालून ठेवा, काही आठवड्यांत बरीच सरळ होतात. काहींवर हिरवट झाक आलेली असेल, ती त्या काळच्या क्रोम कार्डांवर दिसतेच, पुसून जात नाही. तीन पाकिटांतलं कुठलं फोडायचं याचा वजनकाटा लावून शोध घेऊ नका. जाड कापडी तुकडा बसवलेली कार्डं पुढच्या काळात आली तेव्हा तो चाळा सुरू झाला. इथे मुलाला डोळे मिटून एक उचलू द्या.

आणि उद्या कधी तुम्ही ठरवलंच की फ्लीअर फोडायचं, तर तेही सांगून ठेवतो.

खोली गार नको. गारठ्यात मेण ठिसूळ होतं आणि कागद घडीवर तडकतो. पाकीट पालथं ठेवा. मागच्या घडीखाली जुन्या व्हिजिटिंग कार्डाची कड हळूच सरकवा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मेण सुटताना हलकी 'चर्र' येते. मग वाण्याची पुडी सोडवतो तशी एकेक घडी मागे घ्या, कागद न फाडता. आतला गठ्ठा बाजूनं ढकलायचा नाही, कागद पूर्ण सपाट पसरला की तो आपोआप समोर उघडा पडतो. पहिला येतो वास. जुन्या गमचा, गोडसर आणि थोडा पुठ्ठ्याचा. हा वास मी ज्या ज्या वेळी घेतला ती प्रत्येक वेळ मला आठवते. लहानपणी सांगलीत बिग फन च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची, त्यालाही असाच वास होता, आणि बहुधा तिथूनच मला ही गोडी लागली.

गठ्ठ्याची दोन टोकांची कार्डं सगळ्यात जास्त सोसतात. एकाला मेण लागतं, दुसऱ्याला गम. तेव्हा आधी तीच बघा. गमची पट्टी आता काचेसारखी झालेली असते आणि बोट लागलं की तिचे तुकडे होतात. तिच्यावरची साखरेची पूड कार्डावर घासली तर ओरखडे उठतात. म्हणून पट्टी आडवी सरकवू नका, वरच्यावर उचला, आणि पूड मऊ ब्रशनं झटका. चिकटली असेल तर राहू द्या, खरवडू नका. आणि मुलाला सांगा, ती खायची नाही. दरवर्षी कुणीतरी गंमत म्हणून खातं, चाळीस वर्षांची जुनी वस्तू तोंडात घालणं बरं नाही.

कार्डाच्या गुळगुळीत बाजूवर मेणाचा पांढुरका ओरखडा असला तर स्त्रियांच्या पातळ नायलॉनच्या मोज्याचा तुकडा बोटाला गुंडाळून अगदी हलक्या हातानं गोल फिरवा. मेण उचललं जातं. ही जुनी पद्धत आहे. पण खरखरीत, बिनलेपाच्या पाठीवर हे करू नका, तिथे मेण कागदात मुरलेलं असतं आणि घासण्यानं फक्त तंतू उठतात. पाणी, खोडरबर, कुठलंही रसायन, कात्री यांपैकी काहीही कार्डाजवळ आणू नका. दर्जा ठरवणारे हे ओळखतात आणि कार्ड परत येतं.

जॉर्डन निघाला तर ओरडा, नाचा, पण हात टेबलावरून उचलून मग. त्याला पेनी स्लीव्हमध्ये घाला, कार्ड आत ढकलताना कोपरा पिशवीच्या तोंडाला आपटतो, म्हणून पिशवीचं तोंड बोटानं किंचित उघडून वरून सोडा. मग टॉपलोडर नको, तपासणीला पाठवायचं असेल तर लवचीक, अर्धकडक पाकीट वापरा, त्यातून कार्ड सुखरूप बाहेर काढता येतं. चौकट चारी बाजूंनी किती सारखी आहे ते त्याच वेळी पट्टीनं मोजत बसू नका. दुसऱ्या दिवशी, दिवसाउजेडी, मन शांत झाल्यावर मोजा. समोरच्या बाजूला आमनेसामनेच्या कडांच्या रुंदीचं प्रमाण ५५-४५ च्या आत बसत असेल तर दहाची आशा ठेवायला जागा आहे.

नाही निघाला तरी त्या बारा जणांत कुणी ना कुणी चांगला असतोच. माझ्या पहिल्या अस्सल फ्लीअर पाकिटात जॉर्डन नव्हता, बर्ड होता, क्रमांक नऊ, कोपरे सुईसारखे. तो मी विकला नाही.

वेष्टनं टाकू नका. हूप्सची प्लास्टिकची ठेवली नाहीत तरी चालेल, मेणकागदाचं मात्र दोन पुठ्ठ्यांत सपाट करून ठेवा. आणि तो बुटाचा खोका. तुम्ही लिहिलंय की झाकणाच्या आत तुमच्या बाबांच्या अक्षरात पेन्सिलीनं तारीख आणि 'उरलेली' असं लिहिलंय. पारख करणाऱ्याकडे पाकीट पाठवाल तेव्हा त्या झाकणाचा फोटो सोबत पाठवा, आणि वडिलांच्या स्टॉलचा एखादा जुना परवाना किंवा फोटो असेल तर तोही. पाकीट कुठून आलं हे सांगणारा तेवढाच कागद तुमच्याकडे आहे. खोका स्वतः मात्र कुणाला देऊ नका, फोडलेली हूप्सची कार्डं त्यातच परत ठेवा.